अडुळशाच्या जागी धोतरा

धोतऱ्याचा काढा खोकल्यावर चालत नाही, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांत शेवटी मला कळली. त्याआधी ती आळीला कळली, हकीमसाहेबांना कळली आणि औंढ्याजवळच्या माझ्या सासुरवाडीलाही कळली.

तेव्हा मी वसमतच्या तहसील कचेरीत कारकून होतो. निजामाचं राज्य, कचेरीचं सगळं काम उर्दूत. माझं उर्दू अक्षर सुरेख होतं आणि ते साऱ्या जगाला माहीत असावं अशी माझी इच्छा होती. दुसरी हौस झाडपाल्याची. कुणाला ताप आला की मी गुळवेल सांगायचो, पोट दुखलं की ओवा, घसा बसला की ज्येष्ठमध. माणसं बरी व्हायची. (ती आपोआपच बरी होत असतील, अशी शंका माझी बायको सगुणा अधूनमधून बोलून दाखवी. पण घरच्या वैद्याला घरात कधी मान मिळालाय?)

त्या वर्षी हिवाळा सरता सरता मला खोकल्यानं धरलं. घरात माझे चुलते भाऊकाका दम्यानं बेजार होतेच. मी बाजारात वैदूबाईकडून दोघांसाठी वाळलेला पाला आणला. एक अडुळसा, माझ्या खोकल्यासाठी. उकळून मधातून घ्यायचा. दुसरा धोतऱ्याचा, काकांच्या दम्यासाठी. तो चिलमीत घालून दोन झुरके ओढायचे, पोटात चुकूनही घ्यायचा नाही. हे तिनं मला तीनदा बजावलं. मला रागच आला. माझ्यासारख्या जाणकार माणसाला तीन-तीनदा सांगायचं म्हणजे काय!

घरी आल्यावर पाहतो तर दोन्हींचा चुरा दिसायला एकसारखा. म्हणून मी दोन पुड्या बांधल्या आणि त्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. एकीवर खोकल्याची दवा, दुसरीवर दम्याची दवा. झोकदार उर्दूत. सगुणा म्हणाली, हे मला वाचता येत नाही. मी म्हणालो, मग शीक.

पुढच्या शुक्रवारी कचेरीला सुट्टी होती आणि सासरे हळद घेऊन वसमतच्या बाजाराला आले होते. त्यांच्या गावात ते ओट्यावर बसले की रस्त्यानं जाणारी माणसं वहाणा हातात घेत. एरवी पुड्यांतला पाला मीच काढून देत असे, पण असा माणूस आपल्या ओसरीवर बसलाय म्हटल्यावर मी बसल्या जागेवरूनच सगुणेला काढा आणायला सांगितला आणि तो त्यांच्यासमोर घोट घोट पीत अडुळशाचे गुण सांगू लागलो. काढा नेहमीपेक्षा वेगळाच लागला. मी म्हणालो, "बघा मामा, चव अशी लागली की समजायचं, माल अस्सल हाय."

यानंतरचं मला काही आठवत नाही. पुढचं सगळं भाऊकाकांनी सांगितलेलं. ते खाटेवर बसून अडुळसा भरलेली चिलीम ओढत होते आणि त्यांना सगळं समोरून दिसत होतं.

आधी म्हणे माझं तोंड लालभडक झालं. जीभ लाकडासारखी झाली म्हणून मी तक्रार केली. मग मी सासऱ्यांकडं डोळे फाडून पाहिलं आणि त्यांना कचेरीतला चपराशी समजून दरडावलं, "खडे क्या देख रहे हो? पानी लाव!" त्या मानी माणसानं घाबरून खरोखर तांब्या भरून आणला. तो घेऊन मी त्यांना हुकूम सोडला, की या मिशा सरकारी नाहीत, उद्या उतरवून हजर व्हा.

इथवर म्हणे सगुणा नुसतीच घाबरलेली होती. पण मग मी कोपऱ्यातल्या पाण्याच्या रांजणाला मिठी मारली.

"सगुणे," मी रांजणाला म्हणालो, "तुझ्यासारखी शांत बाई साऱ्या तालुक्यात न्हाई. तू हाईस म्हणून हे घर हाय." मग खऱ्या सगुणेकडं बोट दाखवून मी रांजणाच्या कानात विचारलं, "ह्या बाईला काहून घरात घेतलं? लई रागीट दिसून राहिली. धाडून दे तिला तिच्या घरी."

एव्हाना दारात आळी जमली होती. कुणीतरी हकीमसाहेबांना आणलं. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं, काय पाजलं ते विचारलं आणि पुडी मागवली. त्या गर्दीत चिठ्ठी वाचता येणारे ते एकटेच. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, हे खोकल्याचं नसून दम्याचं औषध आहे असं सर्वांना सांगितलं आणि वर म्हणाले, "मगर लिखावट बहुत उम्दा है." मग त्यांनी मला ओकायला लावलं.

दुसऱ्या दिवशी मी शुद्धीवर आलो तर घरात सगळे रागावलेले. भाऊकाका रागावले होते कारण भाकरी करायला कुणी नव्हतं. सगुणा इतकी रागावली होती की माझा जीव वाचल्याची खात्री होताच बापाच्या गाडीत बसून निघून गेली होती. आणि सर्वांत जास्त रागावलो मी. मला माझ्याच घरात विष पाजलं जातं, आणि पाजणारीच रुसून माहेरी जाते? आठ दिवस मी कच्च्या भाकरी थापल्या आणि प्रत्येक भाकरीगणिक माझा राग वाढत गेला. भाऊकाकांचा दमा मात्र त्या चुकीच्या चिलमीनं उतरला होता. ते आडवे होऊन गाढ झोपत, त्याचाही मला राग येई.

पुढच्या शुक्रवारी मी गाडी जुंपून औंढ्याची वाट धरली. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं. सासरे ओट्यावर होते. मिशा जागेवर होत्या. त्यांनी मला या म्हटलं नाही. सगुणा बाहेर आली तसा मी सुरू झालो, की तू मला धोतरा पाजलास.

"पुडी तुमची, अक्षर तुमचं, हौस तुमची," ती म्हणाली. "म्या निस्तं पाणी उकळलं."

मी म्हणालो, मग एवढ्यावरून कुणी घर सोडतं का?

"त्याच्यापायी न्हाई आले मी." ती म्हणाली. "बारा वर्षं झाली लग्नाला. त्या रांजणाला जे बोललात, ते मला कधी एकडाव तरी बोललात का?"

मी सासऱ्यांकडं पाहिलं. ते गोठ्याकडं पाहू लागले.

"आता शुद्धीवर हाव ना?" सगुणा म्हणाली. "मंग बोला."

कचेरीत मी दिवसाला वीस अर्ज लिहीत असे. तिथं मला घाम फुटला. पाठ केलेलं सगळं भाषण रागाचं होतं, त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "सगुणे, तू भाकर चांगली करतीस."

"अन्?"

"अन् तुझ्याबिगर भाऊकाकाला करमत न्हाई."

"भाऊकाकाला?"

"मलाबी," मी खाली बघून म्हणालो.

सासरे उठले. "पोरी, गाठोडं बांध," ते म्हणाले. "ह्या माणसातून ह्याच्यापरीस जास्त निघायचं न्हाई."

परतीच्या वाटेवर गाव मागं पडलं तशी मला आठवण झाली, की आपण आलो होतो ते हिला झापायला, आणि झापायचं सगळं राहूनच गेलं. मी घसा साफ केला आणि मागं वळलो. सगुणेनं नुसतं वर पाहिलं आणि विचारलं, "काय म्हणता?"

मी म्हणालो, बैल आज चांगले चालून राहिले. रागवायची माझी पाळी तेव्हा जी हुकली, ती अजून आलेली नाही.