पुण्याहून आलेली साथ

जुन्या फोनमध्ये परवा पेटीचं रेकॉर्डिंग सापडलं आणि जर्मनीत, वाल्डॉर्फमध्ये साजरा केलेला एक गणेशोत्सव आठवला. सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. सासरे गुडघ्यामुळे पुण्यातच राहिले होते. त्यांच्या पेटीशिवाय सासूबाई कधी गायल्या नव्हत्या, म्हणून सासऱ्यांनी नुसती साथ वाजवून, रेकॉर्ड करून पाठवली. ओल्या जॅकेटांचा आणि तुपाचा वास भरलेल्या हॉलमध्ये सासूबाई घाबरत उभ्या राहिल्या. अंतऱ्याआधी स्पीकरमधून सासऱ्यांचा आवाज आला, "अगं, श्वास घे." "अहो, घेतला!" त्या माइकवरच म्हणाल्या. हॉल हसला, भीती पळाली, गाणं रंगलं. हकिगत कळल्यावर माझा जर्मन सहकारी म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर! जपानमध्ये कराओके असंच सुरू झालं म्हणतात. एका वादकाला गाणाऱ्या गिऱ्हाइकासोबत जाता येईना, म्हणून त्याने साथीची टेप दिली." सासूबाईंनी लगेच पुण्याला फोन लावला, "अहो, निम्म्या टाळ्या तुमच्या!" आता दर उन्हाळ्यात दोघं मिळून येतात, आणि दोघं गायला-वाजवायला बसली की माझा स्वयंपाक हमखास करपतो.