डब्यावरचा आकडा

बहरीनला तुम्ही काय करत होता, असं कोणी विचारलं की मी खरं सांगते: काडतुसं विकत होते. मग समोरच्या बाईचा कप बशीत जरा जोरातच टेकतो. एक किस्सा सांगावा लागतो, त्याला चिकटून दुसरा येतो, आणि निघायला उशीर होतो. मी स्वतःहून विषय काढत नाही. पण किस्से साठलेत खूप, आणि सांगणारी आता मी एकटीच.

दुकान मनामाच्या बाजारात होतं. रायफली, दुर्बिणी, तंबू, काडतुसं. पोलिसांचा परवाना दाखवायचा आणि माल न्यायचा. गिऱ्हाईक सुदानला, झांबियाला मोठ्या शिकारीला जाणारं. मालक अबू युसुफ. त्यांचे वडील मोती विकायला मुंबईला यायचे, त्यामुळे मुलाचं हिंदी थेट काळबादेवीचं, आणि मला ते ‘बाई’ म्हणत.

वामन, माझे यजमान, पुण्याजवळच्या सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. चौऱ्याहत्तर साली या दुकानात आले. मागून मी आले, ती तिथेच टायपिस्ट म्हणून. वामन पक्के शाकाहारी, शनिवारचा उपास. आयुष्यात कुठल्या जिवावर गोळी झाडली नाही. पण कोणी कुठलं काडतूस न्यायचं ते तेच ठरवायचे.

त्यांची पद्धत होती. जनावर कोणतं? किती लांबून? आणि याच रायफलनं आजवर किती गोळ्या झाडल्यात? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण छताकडे बघत. मग शुक्रवारी साखीरच्या वाळवंटातल्या चांदमारीवर जायचं. जेवणाच्या ताटाएवढा कागद लावायचा, पाच गोळ्या झाडायला लावायच्या. ज्या अंतरावरून पाचही ताटात पडतील ते अंतर वामन काडतुसांच्या डब्यावर पेन्सिलीनं लिहायचे. त्यापलीकडून झाडायचं नाही, असा शब्द घ्यायचे.

“काडतूस पाचशे यार्ड जातं,” ते म्हणत. “माणूस किती जातो ते मी लिहितो.”

एक्याऐंशीच्या सप्टेंबरात वामन गेले. आमची मुलगी मृणाल नववीत होती. दहावीची परीक्षा दीड वर्षावर, आणि आमचा व्हिसा वामनच्या नोकरीवर.

अबू युसुफ भेटायला आले, तेव्हा मी म्हटलं, “काउंटर मी सांभाळते. मुलीची दहावी होईपर्यंत.”

त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, “बाई, हा हंगाम बघू. पण चुकीचं काडतूस दिलं म्हणून एक माणूस जरी परत आला, तर खलास. मुंबईहून माणूस आणतो.”

“एकही येणार नाही,” मी म्हटलं. मोठ्या हिमतीनं वगैरे नाही. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतंच.

* * *

पहिला आला तो विमान चालवणारा एक इंग्रज. झांबियाला कुडूच्या शिकारीला चालला होता. कुडू म्हणजे घोड्याएवढं हरीण. त्याला थ्री हंड्रेड मॅग्नम हवं होतं, लांब जाणारं आणि खांद्याला जबर धक्का देणारं काडतूस, चारशे यार्डांसाठी.

“तुम्ही स्वतः कधी रायफल चालवली आहे?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“मग मी तुमचं का ऐकावं?”

“लोक काय घेऊन जातात आणि परत येऊन काय सांगतात, ते मी सात वर्षं टाइप केलंय. तुम्ही फक्त स्वतःचंच ऐकलंय.”

शुक्रवारी तो मित्राची मॅग्नम रायफल घेऊन आला. आमचा ड्रायव्हर आणि पॅकर सावंत, कुडाळचा, त्यानं मॅगझिन भरून दिलं. त्यात एक काडतूस नकली, बिनदारूचं. ही वामनची जुनी युक्ती. तीन गोळ्या सुटल्या. चौथ्यांदा नुसता खट् आवाज झाला, पण साहेबानं डोळे मिटले, खांदा मागे फेकला आणि नळी वाळूकडे गेली.

सावंत माझ्या कानाशी म्हणाला, “वैनी, बंदूक गप रवली आणि सायबच उडालो.”

काय म्हणाला, असं साहेबानं विचारलं. मी सांगितलं, “त्याच्या मते तुम्हाला धक्का कमी देणारं काडतूस बरं.”

त्यानं स्वतःच्या जुन्या रायफलचं थर्टी-ऑट-सिक्स नेलं, धक्का कमी, गोळीचं वजन एकशे ऐंशी ग्रेन. त्यानं पाचही ताटात पाडल्यावर डब्यावर मी दोनशे लिहिलं. महिन्याभरानं झांबियाहून पोस्टकार्ड आलं. त्यावर एवढंच: “एकशे ऐंशी यार्ड. एक गोळी.” ते मी भिंतीवर चिकटवलं, अबू युसुफ यांच्या खुर्चीसमोर.

* * *

अस्कर गावाकडचा एक कंत्राटदार डबा आपटूनच आत आला. काडतूस खराब आहे म्हणाला. एक गोळी झाडली आणि रायफलचा बोल्ट असा अडकला की लाकडानं ठोकून उघडावा लागला. अबू युसुफ खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटायचे थांबले.

मी डबा उचलला आणि लगेच खाली ठेवला. “हा कुठे होता?”

“पिकअपमध्ये. काचेपाशी.”

“कधीपासून?”

“सकाळपासून.”

“जरा हातात धरा.”

त्यानं धरला. या हातातून त्या हातात केला, मग टेबलावर ठेवला.

“तुम्हाला हातात धरवत नाही,” मी म्हटलं, “आणि रायफलनं मात्र तोंडात धरावं.”

दारू तापली की जास्त जोरानं पेटते, दाब वाढतो, काडतुसाचं पितळ आत घट्ट बसतं. हे सगळं त्याला नीट समजावलं. नवा डबा दिला. कुठे ठेवू, त्यानं विचारलं. “जिथे दुपारी तुम्ही स्वतः बसाल तिथे.”

तो गेल्यावर वर्तमानपत्रामागून आवाज आला, “सावंत, ये तक्रार गिनने का क्या?”

“नहीं साब. ये तो धूप का तक्रार है.”

पान उलटलं.

* * *

डिसेंबरपर्यंत एक वेगळीच गंमत झाली. बाजारात लोक एकमेकांना आकडे विचारू लागले. तुझा किती? माझा सव्वादोनशे. बाईनं लिहिलाय, असंही वर सांगायचे.

मुहर्रकचे दोघे भाऊ होते. धाकट्याचा आकडा आला अडीचशे, थोरल्याचा पावणेदोनशे. दुसऱ्या दिवशी थोरला खजुराची पेटी घेऊन हजर. मला तो अरबी रीतीनं ‘उम्म मृणाल’, मृणालची आई, म्हणे.

“उम्म मृणाल, आकडा थोडा वाढवा.”

“वाढतो की. चाळीस गोळ्या आणि चार शुक्रवार.”

“लिहायला तर एक मिनिट लागतं.”

“पुसायलाही.”

तो पेटीवर हात ठेवून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “डबा बायकोनं बघितलाय.”

चार शुक्रवार आला बिचारा. पालथा झोपायचा, वाळू खायचा, शिव्या द्यायचा. शेवटी सव्वादोनशेपर्यंत पोचला. मी तसं लिहिलं. धाकट्याला कळल्यावर तो पाचव्या शुक्रवारी आला.

सावंतानंही एकदा विचारलं, “वैनी, माझो आकडो किती?”

“पॅकिंगच्या टेबलापासून दारापर्यंत,” मी म्हटलं. “सामान बाहेर गाडीत गेलं की वाढवू.”

* * *

तिथली आपली मराठी माणसं जरा बिचकून होती. एका घरी जेवायला बसलो असताना बँकेतले जोशी म्हणाले, “वहिनी, रागावू नका. पण आपल्यासारख्यांच्या घरात हा उद्योग शोभतो का?”

मृणाल ताटाकडे बघत होती.

“तो माणूस जाणारच आहे, जोशी,” मी म्हटलं. “माझ्याकडून नाही घेतलं तर दुसरीकडून घेईल, सगळ्यात मोठं घेईल आणि फार लांबून झाडेल. मग जनावर मोडका पाय ओढत दोन दिवस मरतं. वामनना तेवढं चालत नव्हतं. मलाही चालत नाही.”

जोशी भात कालवू लागले. मग भाजी वाढणाऱ्याला हातानं नको म्हणाले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “अंदाजे, माझा आकडा किती येईल हो?”

* * *

फेब्रुवारीत अबू युसुफ यांच्या दोन चुलतभावांनी थ्री हंड्रेड मॅग्नम रायफली आणल्या. तिघं मिळून सुदानच्या डोंगरात रानबोकडाच्या शिकारीला निघणार होते. कड्याकपारीतलं जनावर, जवळ येऊच देत नाही.

“बाई, मलाही तेच काडतूस द्या,” अबू युसुफ म्हणाले.

“तुमच्या रायफलनं किती गोळ्या झाडल्यात?”

“कालच खोक्यातून काढली.”

“मग शुक्रवारी साखीरला.”

“दुकान माझं आहे,” ते म्हणाले. पण शुक्रवारी आले.

वय बासष्ट. मॅग्नमनं दोनशे यार्डांवरून पाचातल्या दोन ताटात. मी रायफल बदलायला लावली. थर्टी-ऑट-सिक्सनं दोनशेवरून तीन. तीन शुक्रवार असेच गेले. चौथ्या शुक्रवारी दीडशे यार्डांवरून पाचही ताटात पडल्या, पाचवी अगदी काठावर. दोघे चुलतभाऊ गाडीला टेकून बघत होते.

मी डबा घेतला, पेन्सिल काढली.

सावंत मागून पुटपुटला, “वैनी, दोनशे लिवा. मालक आसत ते.”

त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर घरातलं मृणालचं दहावीचं नवं पुस्तक आलं, अजून कव्हर न घातलेलं. मग मी दीडशे लिहिलं आणि डबा अबू युसुफ यांच्या हातात दिला. एक चुलतभाऊ हसला. अबू युसुफ यांनी आकडा तळहाताकडे फिरवला आणि गाडीत बसले.

चुलतभाऊ आधी परतले. शिंगांचे फोटो घेऊन दुकानात आले. किती लांबून मारलं, मी विचारलं. एकानं चारशे सांगितलं. किती गोळ्या लागल्या, ते दोघांनीही सांगितलं नाही.

“तुमचे शेठ अजून डोंगरावर बसलेत,” तो म्हणाला. “जनावर तीनशेवर आलं की हे बंदूक खाली ठेवतात.”

आणखी आठ दिवसांनी, शनिवारी सकाळी, अबू युसुफ आले. वजन उतरलेलं, नाकाची साल निघालेली. खुर्चीकडे गेले नाहीत. सरळ काउंटरसमोर उभे राहिले आणि डबा ठेवला. सावंताच्या हातातली दोरी तशीच राहिली.

“बाई, तक्रार आहे.”

“सांगा,” मी म्हटलं.

“एकच गोळी झाडली. एकशे चाळीसवरून. चुकली, साफ चुकली. बोकड उभा राहून माझ्याकडे बघत होता. मग चालत गेला. पळालासुद्धा नाही.”

“काडतूस?”

“काडतूस ठीक.”

“रायफल?”

“ठीक. पण दोन तास चढून गेलो होतो. छाती भात्यासारखी चालली होती. तुमचं साखीर सपाट आहे, बाई. तिथे कोणाला धाप लागत नाही.”

त्यांनी झाकण उघडून दाखवलं. एकोणीस काडतुसं ओळीनं, एक जागा रिकामी. मग झाकण लावून डबा माझ्याकडे सरकवला.

“पुढच्या वर्षी शंभर लिहा.”