पिंपात फिरवलेला दगड

न्हाव्याने गालावर तुरटी फिरवली की माझं डोकं अजूनही सणकतं. ऐंशीच्या दशकात, घाटकोपरच्या चाळीत असताना, कॉलेजच्या सरांनी चित्र काढायला म्हणून मला एक दगड घरी न्यायला दिला होता. सेनार्मोन्टाइट, म्हणजे अँटिमनीचं दुर्मीळ ऑक्साइड. आठ पैलूंचा, पांढुरका, आकाराच्या मानाने भलताच जड आणि नखानेही ओरखडा उठेल इतका मऊ. असा दुसरा दगड अख्ख्या आशिया खंडात नव्हता. दुसऱ्याच दिवशी नळाला गढूळ पाणी आलं आणि आमच्या मामांनी तो पिंपात, कडांवर आपटत, अर्धा तास गरागरा फिरवला. मी घरी आलो तर तेच वाण्याला शिव्या घालत होते. “भामटा साला, तुरटी विरघळतच नाय.” “मामा, ती तुरटी नाही, अँटिमनी आहे. विष असतं ते.” “मग तुरटीसारखं दिसतं कशाला?” कोपरे झिजून दगडाची सुपारी झाली होती. मी असा ओरडलो की मानखुर्दचे कावळे उडाले. सर वर्षभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मामांवरचा राग मी आजही सोडलेला नाही. तो दगड आल्यागेल्याला दिसावा म्हणून पिंपाच्या झाकणावर मीच मांडला होता, एवढं मात्र मी सरांना सांगितलं नाही.