इंगल म्हणजे चुलीतला जाळ

"इंगल," बर्नरने पेट घेतला की साहेब म्हणायचे आणि लगेच पुढच्या बॉयलरकडे निघायचे. एका जागी उभं राहणं त्यांना जमतच नसे. चहासुद्धा चालता चालता. असा माणूस तुमच्याही कामावर असेल. त्याच्याशी बोलायचं तर बरोबर चालावं लागतं.

आखातातल्या रास अल खैरच्या प्रकल्पात ते बॉयलरचे इंजिनिअर, मूळचे स्कॉटलंडचे. मी रत्नागिरीचा फिटर. एकदा मी विचारलंच, "साहेब, इंगल म्हणजे?"

"चुलीतला जाळ. आमच्या जुन्या बोलीतला शब्द. पण मूळ इंग्रजी नाही, गेलिक. केल्टिक लोकांची भाषा ती. तिच्यात 'एंग्यल' म्हणजे आग, उजेड."

"आमच्याकडे पेटत्या निखाऱ्याला इंगळ म्हणतात."

साहेब थांबले. "पुन्हा म्हण." मी पुन्हा "इंगळ" म्हटलं. "दोन्ही शब्दांचं नातं असेल?" त्यांनी विचारलं.

"मला कुठून कळणार, साहेब?"

मग त्यांनी आईचं सांगितलं. ती तिकडच्या एका बेटावरची, गेलिक बोलत वाढलेली. पण मुलांचं पुढे अडेल म्हणून घरात ती भाषा कधी बोलली नाही. आता नव्वदीत तिचं इंग्रजी पुसलं गेलं होतं, लहानपणची भाषा तेवढी उरली होती.

"दिवसभर काहीतरी सांगत असते. मला एक अक्षर कळत नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझ्यासमोरच व्हिडिओ कॉल लावला. म्हातारी खिडकीबाहेर बघत होती. "एंग्यल," साहेब म्हणाले. तिने मान वळवली. हसली, बोलायला लागली. मग एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून उत्तरासाठी थांबली. साहेब नुसतेच "हो, हो" करत राहिले.

फोन ठेवून ते शेडमध्ये येरझाऱ्या घालू लागले. "काहीतरी विचारत होती रे. काय विचारत होती?"

करार अर्ध्यावर होता. सगळ्यांनी समजावलं, तरी त्याच आठवड्यात त्यांनी फायनल एक्झिट, म्हणजे नोकरी सोडून कायमचं परत जायची परवानगी, मागितली. विमानतळावर सोडायला मी गेलो, तर माझा नीट निरोपही न घेता आत शिरले.

बऱ्याच महिन्यांनी त्यांचा मेसेज आला. "गेलिक शिकतो आहे. ती विचारत होती ते कळलं. 'तू कोणाचा?' आता तिच्याच भाषेत सांगतो, 'तुझा.' ती खूश होते. थोड्या वेळाने पुन्हा विचारते."