सोमाताई परवानगी मागायची

होडी बेटाला लागली की आम्हा सगळ्यांना उतरायची घाई असायची. सोमाताई कुणाला उतरू द्यायची नाही. ती पुढे जाऊन उभी राहायची, डोक्यावरचा रुमाल नीट करायची आणि समोरच्या निर्मनुष्य किनाऱ्याला मलय भाषेत सांगायची, "आजी, आजोबा, नातवंडं आलीत. जरा पलीकडे जाऊन येतो." मग गप्प. आम्ही बूट हातात धरून ताटकळत बसायचो. तिला होकार मिळाला की आधी ती स्वतः पाण्यात पाय टाकायची. होकार कसा कळतो, असं मी एकदा विचारलं. "कुणाच्या दारात उभं राहिलं की कळतं ना, आपण हवेत की नकोत? तसंच," ती म्हणाली.

तिचं नाव कलसोम. समुद्र साफ करणाऱ्या आमच्या टीममधली माणसं तिला माचिक म्हणायची, म्हणजे मावशी. मी सोमाताई म्हणायला लागलो आणि तिनेही ते चालवून घेतलं. मी जहाजावर चीफ इंजिनियर होतो म्हणून तिच्यासाठी मी कायमचा चीफ. जहाजं सोडून मी सिंगापूरच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरी धरली होती, सेंगकांगला संसार थाटला होता, आणि रविवार खायला उठायचा. यार्डातला रहमान म्हणाला, माझ्या चुलतबहिणीच्या होडीचं इंजिन रुसलंय, बघतोस का? ती चुलतबहीण म्हणजे सोमाताई. बघायला गेलो तो तिथलाच झालो.

सिंगापूरच्या दक्षिणेला छोटी छोटी बेटं आहेत. त्यांतल्या एकावर सोमाताईचा जन्म. तिची माणसं समुद्रावर जगणारी, हे शहर उभं राहायच्या कितीतरी आधीपासूनची. ती लहान असताना बेटं रिकामी झाली आणि सगळे फ्लॅटमध्ये आले. तिचं घर टॅम्पिनीसला, खूप वरच्या मजल्यावर. "फ्लॅट चांगलाय, चीफ. लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे. भरती-ओहोटी तेवढी नाही," असं ती तक्रारीचा सूर न लावता सांगायची. बेटावरच्यांची मुलं-नातवंडं जमवून तिने ही टीम उभी केली होती. कुणी बस चालवणारा, कुणी नर्स, कुणी आंग मो किओच्या कारखान्यात. सुट्टीच्या दिवशी ही मंडळी जाऊन प्रवाळात अडकलेली जाळी सोडवायची, खारफुटीतलं प्लास्टिक काढायची, समुद्रातल्या गवताची खबरबात ठेवायची. त्या गवतावर ती सगळ्यांना एका ओळीत चालवायची, पुढच्याच्या पावलात मागच्याचं पाऊल. तुडवलं जायचं ते एवढ्याच पट्ट्यात जावं म्हणून. माझं पाऊल हमखास बाहेर पडायचं. "चीफ, तुझे पाय आहेत की जहाजाचे नांगर?" म्हणून ती सगळ्यांसमोर माझी खेचायची.

मी वेंगुर्ल्याकडचा. आमच्याकडेही वेशीवर राखणदार असतो, त्याला गाऱ्हाणं घातल्याशिवाय माझे वडील रानात पाऊल टाकत नसत. त्यामुळे तिच्या त्या सवयीचं मला नवल नव्हतं. पण राग यायचा. एकदा टीम पूर्ण, पेट्रोल भरलेलं, समुद्र ठीकठाक, आणि ही पुढे उभी राहून म्हणाली, "आज नाही. फिरव." फिरवली. बरं, नंतर वादळ-बिदळ आलं असतं तर मी तिचे पाय धरले असते. काही आलं नाही. दिवसभर कडक ऊन. घरी आल्यावर माझा मुलगा म्हणाला, "सो वेस्टेड, लाह," म्हणजे दिवस फुकट गेला. मी तेच सोमाताईला ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "नाही म्हटलं म्हणजे नाही. कारण विचारणारा पाहुणा मला आवडत नाही."

तिच्या स्वतःच्या बेटावर मात्र तिला जाताच येत नव्हतं. ते लष्कराच्या सरावासाठी राखलेलं, उतरायला मनाई. तिची आई तिथे पुरलेली होती. ईदच्या आधी तिच्या लोकांत कबरी साफ करतात, त्यांच्यावर पाणी आणि फुलं शिंपडतात. दरवर्षी ती अर्ज करायची आणि दरवर्षी नम्र नकार यायचा. आम्ही शेजारच्या बेटावर काम करत असलो की जेवणाच्या सुट्टीत ती तिकडे तोंड करून बसायची. एवढीच काय ती तिची ईद.

मग तिला पोटाचा कर्करोग निघाला. आणि त्याच वर्षी परवानगी आली. एकच सकाळ, मोजकी माणसं. ती किती वाळली होती काय सांगू. माझ्या बायकोने दिलेली सोलकढी सोडली तर पोटात काही ठरत नव्हतं. तरी त्या दिवशी नवा पोशाख घालून, मांडीवर फुलांची पिशवी घेऊन ती होडीत बसली. रहमान होता, तिची भाची होती, मी इंजिनावर.

बेट जवळ आलं आणि वारा उठला. लाटा खडकांवर चढायला लागल्या. फार नाही. मी आयुष्य समुद्रात काढलंय, मला ते जमलं असतं. भाचीही म्हणाली, "मावशी, पटकन उतरू." सोमाताई रहमानच्या खांद्याचा आधार घेऊन पुढे उभी राहिली. तिचं ते नेहमीचं बोलली. थांबली. त्या दिवशी खूपच थांबली. आई समोरच्या झाडीत, मध्ये दहा-बारा वाव, म्हणजे वीसेक मीटर पाणी. मग मागे न बघता म्हणाली, "फिरव, चीफ."

मी चिडलो. म्हटलं, "सोमाताई, आज तरी हट्ट सोड. पुन्हा कधी येणार आहेस तू?" बोलून गेलो.

"एरवी तुम्हाला परत नेते. आज माझी आई आहे म्हणून नियम मोडू?" ती म्हणाली. "आई कुठे जात नाही. तुम्हाला घरी पोचवायचं काम माझं आहे."

तिने फुलं तिथेच पाण्यात सोडली. धक्क्याला लागल्यावर मी इंजिन बंद करायला गेलो तर हात धरून म्हणाली, "राहू दे चालू. जरा वेळ." त्या आवाजात ती रडली. मी पाठ करून उभा राहिलो. दुसरं काय करणार होतो?

सोमाताई पावसाळी दिवसांत गेली. पुढच्या वर्षी पुन्हा परवानगी आली आणि आम्ही गेलो. समुद्र ताटलीतल्या पाण्यासारखा शांत होता. रहमानने परवानगी मागितली, त्याला लगेच होकार मिळाला म्हणे. झाडी बरीच माजली होती, पण शोधता शोधता त्याला काकीच्या, म्हणजे सोमाताईच्या आईच्या, कबरीचे दोन दगड सापडले. भाचीने पाला काढला. रहमानने पाणी घातलं आणि दगडाजवळ वाकून सांगितलं, "काकी, कलसोम येत होती. इथपर्यंत आली होती."

निघताना सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे किनाऱ्याचे आभार मानले. मी मानले नाहीत. सरळ होडीत जाऊन बसलो. सोमाताई असती तर मला चांगली झापली असती, हे मला माहीत आहे. पण हीच शांती आदल्या वर्षी फक्त अर्धा तास दाखवली असती, तर त्या समुद्राचं काय बिघडलं असतं?