तिसरा मजला, डावीकडचं दार

आमचा मामा रंगारी. बत्तीस वर्षं लोक त्याच्या हातात घराची किल्ली देऊन खुशाल बाहेरगावी जातायत. त्याचं पोट या किल्ल्यांवर चालतं. म्हणून मालमत्तेची मुद्दाम नासधूस केल्याचा गुन्हा पोलिसांनी त्याच्यावर नोंदवला, तेव्हा मामीने तुरुंगाचं नावही काढलं नाही. एवढंच म्हणाली, "आता किल्ली कोण देणार?"

झालं होतं असं. एका निवृत्त मास्तरांनी मामाला सांगितलं, "तिसरा मजला, डावीकडचं दार. किल्ली पायपुसण्याखाली." मास्तर पुढच्या जिन्याने ये-जा करणारे. शिडी-बादल्या घेतलेल्या रंगाऱ्याला पुढून कोण सोडतो? मामा सवयीने मागच्या जिन्याने चढला, आणि तिकडून गेलं की डावीकडे येतं ते डॉक्टरांचं दार. किल्ली तिथेही पायपुसण्याखालीच. त्या इमारतीत चोरांची भीती सगळ्यांना, आणि किल्ल्याही सगळ्यांच्या तिथेच.

दुपारपर्यंत मामाने हॉलच्या दोन भिंती खरवडून काढल्या. रंग महिन्यापूर्वीचा. डॉक्टर आणि मास्तर यांचं गळक्या न्हाणीवरून वर्षभर बोलणं बंद, त्यामुळे डॉक्टर सरळ धरून चालले की मास्तरांनी माणूस पाठवून सूड उगवला.

"अरे मामा, रंग नवा आहे हे दिसलं नाही तुला?" मी विचारलं.

"दिसलं की. नखाने बघितलं. ताजा होता."

"मग?"

"गिऱ्हाइकाच्या आवडीत आपण नाक खुपसायचं नाही. एका बाईने एकच खोली वर्षात तीनदा रंगवून घेतलीय माझ्याकडून."

वकिलांनी त्याला पढवायला घेतलं. "म्हणायचं, चुकून खरवडलं."

"चुकून कसं? नीट खरवडलंय. कुठे एक ओरखडा दाखवा."

"नीट खरवडलं असं कोर्टात बोलायचं नाही."

"मग वाईट खरवडलं म्हणू?"

वकिलांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुम्ही काहीच म्हणू नका."

कोर्टात त्यांनी डॉक्टरांनाच प्रश्न विचारले. तुम्ही दार उघडलंत तेव्हा सोफ्यावर काय होतं? वर्तमानपत्रं, डॉक्टर म्हणाले. दिव्यांच्या बटणांवर? चिकटपट्टी. वडिलांचा फोटो? "काढून, फडक्यात गुंडाळून पलंगावर ठेवला होता," डॉक्टरांचा आवाज जरा उतरला.

"नासधूस करायला आलेला माणूस इतकी काळजी घेतो?"

मामा माझ्या कानात कुजबुजला, "पंखाही झाकला होता. तो राहिला सांगायचा."

न्यायाधीश बाईंनी निकाल दिला: नुकसान करण्याचा हेतू सिद्ध होत नाही, आरोपी निर्दोष. बाहेर आल्यावर मी पेढे आणायला निघणार, तोच मामाने वकिलांची बाही धरली.

"म्हणजे भिंत मी खरवडली की नाही?"

"खरवडलीत."

"मग निर्दोष कसा?"

"हेतू नव्हता तुमचा."

"होता की. रंग लावायचा हेतू होता."

वकील घाईघाईने दुसऱ्या खटल्याला पळाले. मामा घरी येईपर्यंत स्वतःशी पुटपुटत होता.

पुढच्याच आठवड्यात बँकेतल्या एका बाईंनी त्याच्यापुढे किल्ली धरली. मामीचा जीव भांड्यात पडला. मामाने मात्र किल्लीला हात लावला नाही. "ताई, आधी तुम्ही माझ्याबरोबर मागच्या जिन्याने चला," तो म्हणाला. बाई हसत हसत आपल्या इमारतीचा मागचा जिना चढल्या, दार उघडलं. मामाने त्यांना एकेका भिंतीवर हात ठेवायला लावला.

"ही तुमचीच?"

"माझीच हो, काका."

"आणि ही?"

"तीही माझीच."

तिसऱ्या भिंतीपाशी त्या जरा घुटमळल्या. "तसं घर माझ्या आणि भावाच्या नावावर आहे. पण रंगाचं मीच बघते."

मामाने खांद्यावरची शिडी खाली ठेवली आणि उलट्या बादलीवर बसला.

"मग भावाला बोलवा," तो म्हणाला. "मी थांबतो."