नऊ हजारांचा घनपाठ

रामघाटावरच्या ढुंढिराज पाटणकरांना वेदाची अख्खी शाखा तोंडपाठ होती, पण पैशाचा आकडा काही तोंडातून बाहेर पडत नसे. हा घराण्याचा रिवाज. महाराष्ट्रातून काशीला आलेला यजमान त्यांच्याकडे उतरायचा, जेवायचा, पितरांचं सगळं करून घ्यायचा आणि निघताना चपलांत पाय सरकवत विचारायचा, "गुरुजी, किती द्यायचे?" त्यावर पाटणकरांच्या पाच पिढ्यांनी एकच उत्तर दिलं होतं, "यथाशक्ती." आकडा जिभेवर चढला की मंत्र उतरतो, असं वडील सांगत. यजमान त्याहून चतुर. मैदागिनच्या चौकात भली मोठी गाडी लावून आलेल्यांची शक्ती नेमकी त्याच क्षणी ओसरायची.

पदरी पडलं, पवित्र झालं, असं म्हणत ढुंढिराजांनी तीस वर्षं काढली. घरात शालींचा एवढा ढीग झाला होता की सबंध गल्लीची थंडी भागली असती. मग एका साखर कारखान्याच्या संचालकाने तीन दिवस राहून सात पिढ्या मार्गी लावून घेतल्या आणि जाताना गुरुजींना भिंतीवरचं घड्याळ दिलं. तबकडीवर स्वतः संचालक हात जोडून हसत होते. ढुंढिराजांच्या पत्नी शरदिनीबाईंनी ते मुकाट्याने न्हाणीघरात टांगलं. त्या दिवशी ढुंढिराजांना खरोखर राग आला. आयुष्यात एकदा तरी पैसे कुणाच्या मर्जीने नाही, हक्काने घ्यायचे, असं त्यांच्या मनाने घेतलं. आणि हक्काचे पैसे म्हणजे भाडं, हे त्यांना शेजाऱ्यांकडे बघून केव्हाच कळलं होतं. अलीकडे काशीत गर्दी अशी वाढली होती की ज्याच्याकडे दोन खोल्या आणि एक संडास, तो मालक झाला होता.

घरासाठी पैसा होता शरदिनीबाईंकडे. मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून त्यांनी फंड साठवला होता. तो द्यायला त्या तयार झाल्या, पण एका अटीवर. घर घ्यायचं माझ्या फंडातून, भाडं मात्र तुम्ही स्वतः, स्वतःच्या तोंडाने मागायचं. ढुंढिराज म्हणाले, त्यात काय मोठंसं.

घर मिळालं मंगला गौरीच्या देवळाजवळ. दोन मजले, वर गच्ची, आणि रुंदी एवढीच की जिन्यात दोघं भेटले तर एकाने मागे फिरावं. काशीत जुनं घर घ्यायचं तर आधी वारस गोळा करावे लागतात. हे घर दूधविनायक मोहल्ल्यातल्या एका मराठी कुटुंबाचं, आणि ते कुटुंब देशभर पांगलेलं. यात ढुंढिराजांच्या पेशाचा उपयोग झाला. दलाल म्हणाला, एक काका वारले आहेत, त्यांची सही लागणार नाही. ढुंढिराज म्हणाले, त्यांचं श्राद्ध मी केलेलं नाही, म्हणजे ते जिवंत आहेत. काका इंदूरला नातवाला शाळेत सोडताना सापडले. सगळ्यांच्या सह्या झाल्या, रजिस्ट्री झाली आणि पाटणकरांच्या पाच पिढ्यांत पहिल्यांदा कुणीतरी मकानमालिक झालं.

घर पाहावं बांधून म्हणतात, पण पडकं घर दुरुस्त करून पाहावं, असं म्हणणाऱ्याने अजून जन्म घ्यायचाय. गल्लीत हातगाडीसुद्धा शिरेना. वाळू नावेने पंचगंगा घाटावर यायची आणि तिथून खेचरांच्या पाठीवर वर चढायची. खेचरं वाटेत ज्यांच्या दाराशी थांबून जे काही करायची, त्याबद्दल लोक गुरुजींना बोल लावायचे. साऱ्या गावाला मुहूर्त काढून देणाऱ्या ढुंढिराजांनी स्वतःच्या कामाला अमावास्येला सुरुवात केली, कारण मिस्त्री त्याच दिवशी रिकामा होता. देव समजून घेईल, मिस्त्री घेणार नाही, असं त्यांनी शरदिनीबाईंना सांगितलं. मिस्त्रीने गच्चीचं काम बघून मजुरी काय देणार ते विचारलं. तिथेही जीभ टाळ्याला चिकटली. ढुंढिराज म्हणाले, "भैया, जो उचित समझिए." मिस्त्रीला बरंच काही उचित वाटलं. सिमेंट किती घालायचं, हेसुद्धा त्याने उचित तेवढंच ठरवलं.

उन्हाळ्याच्या अखेरीस घर तयार झालं. भिंती पिस्त्याच्या रंगाच्या, स्वयंपाकघरात ओटा, न्हाणीघरात गरम पाण्याची टाकी. वरच्या मजल्यासाठी भाडेकरूही लगेच मिळाला. अंतरा नावाची मुलगी, परभणीची, बँकेत नव्याने लागलेली, पहिलीच नेमणूक बनारसला. सोबत तिचे वडील रत्नाकरराव, एसटीतून निवृत्त झालेले, गंगेचं पाणी दिसलं तरी डोळे मिटून हात जोडणारे. शरदिनीबाईंनी चौकशी करून आकडा पक्का केला होता, नऊ हजार. ती दोघं घर बघायला येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी तो नवऱ्याकडून म्हणवूनही घेतला होता.

रत्नाकररावांनी खोल्या बघितल्या, खिडकीतून मंगला गौरीचा कळस बघितला, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी विचारलं, "गुरुजी, किती द्यायचे?"

वाक्य तेच, स्वर तोच. तीस वर्षांची सवय. ढुंढिराजांच्या तोंडातून निघालं, "यथाशक्ती."

रत्नाकररावांनी तिथल्या तिथे साष्टांग नमस्कार घातला. ते परभणीला परत गेले आणि काशीत अजून सत्ययुग आहे असं सगळ्यांना सांगत सुटले. एक तारखेला अंतरा रामघाटावर आली, वाकून नमस्कार केला आणि गुरुजींच्या हातात पाकीट आणि नारळ ठेवला. पाकिटात दोन हजार एक रुपये होते. पुढच्या महिन्यात तेवढेच, पुन्हा नारळासकट. मुलगी कंजूष नव्हती. यथाशक्ती म्हणजे नेमकं किती हे तिला कळत नव्हतं, आणि जास्त दिले तर त्यांना अपमान वाटेल अशी तिला भीती होती.

शरदिनीबाई भांडल्या नाहीत. दर एक तारखेला संध्याकाळी त्या घरभाड्याच्या नारळाची चटणी करायच्या आणि नवऱ्याच्या पानात जरा जास्तच वाढायच्या. जेवताना एकदाच म्हणाल्या, "भीड भिकेची बहीण, असं मी मुलींना तीस वर्षं शिकवलं. घरात एक विद्यार्थी राहून गेला."

ढुंढिराजांना लाज वाटली. फंड बायकोचा, घाम बायकोचा, आणि आपण मालक होऊनही याचकच राहिलो, हे त्यांना झोंबत होतं. मग त्यांनी स्वतःला येणाऱ्या एकमेव रीतीने अभ्यास सुरू केला. सकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसून ते, वेदातले शब्द उलटसुलट फिरवून घोकतात तसा, आकड्याचा घनपाठ म्हणू लागले. नऊ हजार, हजार नऊ, नऊ हजार दरमहा, दरमहा हजार नऊ, नऊ हजार दरमहा. स्वर अगदी शुद्ध. शेजारून जाणाऱ्या एका मद्रासी यात्रेकरूने ऐकून हात जोडले आणि समोर दहाची नोट ठेवली.

पण घाटावर म्हणणं वेगळं आणि माणसासमोर म्हणणं वेगळं. एकदा ते ठरवून अंतराकडे गेले आणि तिला परीक्षेत यश मिळो असा आशीर्वाद देऊन परत आले. तिची परीक्षा नव्हतीच. दुसऱ्यांदा गेले ते सत्यनारायण करून देण्याचं कबूल करून आले, तेही यथाशक्तीच. शेवटी शरदिनीबाईंनी सांगितलं की कार्तिकात अंतराचे वडील येताहेत. त्यांच्यासमोर तुम्ही बोला, नाहीतर मी बोलते. आणि मी बोलले तर घर माझं, भाडं माझं, तुम्ही आपल्या शाली मोजा.

रत्नाकरराव कार्तिकात आले. येताच त्यांनी आपल्या वडिलांचं तीर्थश्राद्ध करायचं काढलं. सकाळी रामघाटावरच्या घरात ढुंढिराजांनी ते केलं, पण मन कुठे थाऱ्यावर होतं. पिंड ठेवताना डोक्यात घनपाठ चालू होता. दुपारी पानं उठल्यावर रत्नाकरराव पुढे झाले. ताम्हनात शाल, नारळ, श्राद्धाच्या दक्षिणेचं एक पाकीट आणि लेकीच्या खोलीचं दुसरं. अंतरा शेजारी उभी. दारात शरदिनीबाई, पदराला हात पुसत.

 ढुंढिराजांनी डोळे मिटले, वडिलांची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि म्हणाले, "खोलीचं पाकीट परत घ्या, रत्नाकरराव. नऊ हजार. दरमहा. पाच तारखेच्या आत. नारळ नको."

 आता वीज पडेल किंवा निदान पाहुणे उठून जातील, असं ढुंढिराजांना वाटलं. पण रत्नाकररावांनी नुसती मान हलवली, जसं काही कुणी बसचं तिकीट सांगितलं. आणि अंतराचा तर चेहराच खुलला.

"नऊ ना? चालेल," ती म्हणाली. "मग गुरुजी, एक बोलू? खोलीचं छत गळतं. सगळा पावसाळा मी बादली लावून काढला. पलंग दोनदा सरकवला. भिंतीला बुरशी आलीय. आणि गरम पाण्याची टाकी पहिल्या दिवसापासून बंद आहे."

"अगं, मग आजवर बोलली का नाहीस?"

"कसं बोलणार? तुम्ही भाडं कुठे घेत होता? दक्षिणा देऊन कुणी गुरुजींशी भांडतं का?"

ढुंढिराज हबकले. चार महिने पोरीने तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला होता, आणि ते प्रत्येक वेळी तिच्या डोक्यावर हात ठेवून आले होते. शरदिनीबाई दारातूनच म्हणाल्या की छत उद्याच उकरू, आणि या वेळी मजुरी मी ठरवीन. अंतरा हसली. सगळं सुरळीत झालं होतं. हक्काचे पैसे ठरले होते, आकडा तोंडातून निघाला होता, मंत्रही जिभेवरून उतरले नव्हते. ढुंढिराजांनी खरं तर खूश व्हायला हवं होतं.

पण त्यांची नजर ताम्हनातल्या दक्षिणेच्या पाकिटावर गेली. तीस वर्षांत एकाही यजमानाने माझ्या कामात खोट काढली नाही, हे ते नव्या भिक्षुकांना अभिमानाने सांगत असत. एकानेही नाही. आज पहिल्यांदाच त्यांना त्या अभिमानाचीच शंका आली.

"रत्नाकरराव," ते म्हणाले, "सकाळच्या श्राद्धाचे अकराशे. हे आता ठरलं. ना कमी, ना जास्त. आता मला सांगा, श्राद्ध कसं झालं?"

"उत्तम झालं, गुरुजी."

"अकराशे रुपये देताय तुम्ही. नीट सांगा."

रत्नाकररावांनी लेकीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. जन्मभर एसटीच्या खिडकीमागे बसून लोकांची बोलणी खाल्लेला माणूस, त्याला दुसऱ्याला बोलणं जड जात होतं. पण आकडा सांगून झाला होता आणि उत्तर देणं भाग होतं.

"वडिलांचं नाव केशव," ते हळूच म्हणाले. "तुम्ही दोनदा माधव म्हणालात. मी मनातल्या मनात दुरुस्त करून घेतलं."

 शरदिनीबाईंनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याकडे बघायचं टाळलं. मग ढुंढिराज म्हणाले की उद्या सकाळी पुन्हा करू, सगळं, पहिल्यापासून. चूक माझी आहे, त्याचे पैसे घेणार नाही. रत्नाकररावांनी मान हलवली आणि यावेळी नमस्कार घातला नाही. ढुंढिराजांना तेच बरं वाटलं. ते ताम्हन उचलून आत गेले आणि ते देवासमोर ठेवलं. तीस वर्षांत आणखी किती जणांनी असं मनातल्या मनात दुरुस्त करून घेतलं असेल, हे ढुंढिराजांना विचारायचं होतं, पण ते सगळे यथाशक्ती देऊन आपापल्या गावी निघून गेले होते.